प्लॅस्टर, अस्थिभंगावरील

मोडलेल्या हाडाचे तुकडे जुळून येईपर्यंत जागच्या जागी निश्चल राहावेत म्हणून अवयवाभोवती जे कठीण वेष्टन घालतात, त्यास प्लॅस्टर म्हणतात. जिप्सम तापविल्यास त्यातील बरेचसे पाणी निघून जाते व उरलेले चूर्ण पाण्यात कालविल्यास पुन्हा घट्ट होते. या गुणधर्माचा उपयोग करून आंटोनियस मातेयसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकांनी चूर्ण चोळलेल्या कापडी पट्ट्यांची पद्धत १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. आता काचतंतूंची हलकी वेष्टनेही वापरतात.

केव्हा वापरावे : तुकडे फारसे सरकलेले नसतील किंवा बसविल्यावर जागी टिकत असतील, तर प्लॅस्टर पुरेसे होते, उदा., मनगटाजवळचे व नडगीचे अनेक अस्थिभंग. हाताच्या वा पायाच्या लांब हाडाच्या मध्यभागी अस्थिभंग असल्यास त्याच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे सामान्यतः वेष्टनात घेतात.

केव्हा टाळावे : दुखापत ताजी असून सूज वाढत असेल, तर पूर्ण वेष्टन न घालता एका बाजूस प्लॅस्टरची पट्टी ठेवून ती सैल बांधतात व सूज उतरल्यावर प्लॅस्टर पूर्ण करतात. गळपट्टीच्या हाडाच्या बहुतेक अस्थिभंगांत हात झोळीत ठेवणे पुरते. बरगडी मोडल्यास छाती आवळून बांधत नाहीत, कारण त्यामुळे श्वसन उथळ होते. घोटा किंचित मुरगळल्यास दीर्घकाळ प्लॅस्टर ठेवल्याने सांधा आखडतो व स्नायू रोडावतात. वृद्धांच्या मांडीच्या हाडाची मान मोडल्यास बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे सरकले असल्यासही बहुधा तोच मार्ग असतो.

धोके : प्लॅस्टर ताणत नाही. आत सूज वाढल्यास दाब वाढून स्नायूंचा व तंत्रिकांचा रक्तपुरवठा खुंटतो आणि काही तासांतच कायमची हानी होऊ शकते. अशा प्रकारे आखडणाऱ्या हाताचे वर्णन रिखार्ट फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले. हाडवैद्यांनी करकचून बांधलेल्या बांबूच्या कामट्यांनीही हाच अनर्थ ओढवतो. वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे, बोटे ताणताच असह्य कळ येणे, मुंग्या येणे किंवा बोटे बधिर, थंड वा निळसर होणे ही धोक्याची लक्षणे होत. पहिली दोन लक्षणे लवकर दिसतात. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे असते. अशा वेळी वेदनाशामक औषध देऊन सकाळची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे प्लॅस्टर व आतील कापूस त्वचेपर्यंत उभा चिरतात. त्यानेही आराम न पडल्यास स्नायूंवरील आवरण शस्त्रक्रियेने उघडावे लागते. सरकलेले हाड पुन्हा बसविता येते. मृत झालेला स्नायू मात्र पूर्ववत होत नाही.