भोके बरोबर, मग माल नापास का?

लहान वर्कशॉप चालवणाऱ्या कारागीर बंधूंच्या वाट्याला हा अनुभव नेहमी येतो. फ्लँजच्या शंभर नगांची ऑर्डर पूर्ण केली, प्रत्येक नगात बोल्ट टाकून पाहिले, सर्व आरपार गेले. तसल्ली करून माल पाठवला. आठ दिवसांनी माल परत आला आणि सोबत छापील रिपोर्ट : ‘भोकांची पोझिशन टॉलरन्सबाहेर’. लोखंड गेले, मजुरी गेली, पार्टीही नाराज. कारागीर म्हणतो, मशीन खोटे बोलते. पार्टी म्हणते, कारागीर कच्चा. पुष्कळदा दोघांचेही म्हणणे बरोबर नसते. खरा प्रश्न एवढाच असतो की, मोजमाप कोठून घेतले?

भोकांची जागा दोन प्रकारची

माझा धंदा कापडाचा, म्हणून कापडाचेच उदाहरण देतो. चार रंगांच्या छपाईत चारही स्क्रीन एकदम अर्धा इंच सरकल्या तर फूल बिघडत नाही. फक्त पूर्ण डिझाईन काठापासून अर्धा इंच दूर जाते. ड्रेसच्या कापडात ते कोणाला कळतही नाही. पण एकाच रंगाची स्क्रीन सरकली तर फूल बिघडते व ठाण सेकंडमध्ये जाते. उलट साडीच्या बॉर्डरचा छापा काठापासून सरकला, तर चारही रंग जुळूनही माल वाया.

भोकांचेही असेच आहे. एक माप भोकांच्या आपसातील अंतराचे. दुसरे माप सर्व भोके मिळून नगाच्या कडेपासून किंवा मधल्या बोअरपासून किती दूर आहेत, याचे. ही दोन मापे वेगळी आहेत, आणि तंटे त्यांची गल्लत केल्यामुळेच होतात.

द्रोणागिरीचा दाखला

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच्या शेजारी द्रोणागिरीच्या यार्डांत आज कंटेनरच्या रांगा दिसतात. आपला माल त्यातूनच परदेशी जातो. प्रत्येक कंटेनरच्या वरच्या चार कोपऱ्यांत १२४ × ६३.५ मि.मी. मापाचे एकेक लांबट भोक असते. क्रेनचा स्प्रेडर चार ट्विस्ट-लॉक घेऊन खाली येतो, थोडा इकडेतिकडे सरकतो आणि चारही भोकांत एकदम बसतो.

आंतरराष्ट्रीय मानकात २० फुटी कंटेनरच्या भोकांचे मध्य ते मध्य अंतर लांबीत ५,८५३ व रुंदीत २,२५९ मि.मी. दिले आहे. दोन कर्णांत १३ मि.मी.पेक्षा जास्त फरक चालत नाही. कंटेनर थोडा तिरका उभा असला तरी स्प्रेडर तेवढा फिरतो. पण चारपैकी एक कोपरा ठोकर लागून वाकला, तर कितीही सरकवून लॉक बसणार नाही. असे सरकवून, फिरवून चारही भोके जुळवणे, यालाच मोजमापाच्या भाषेत ‘बेस्ट-फिट’ म्हणतात.

मशीन काय करते?

मोठ्या कारखान्यांत हे काम कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, म्हणजे सी.एम.एम. करते. तिची बारीक गोळी भोकाच्या आतल्या भिंतीला अनेक ठिकाणी शिवते व संगणक भोकाचा मध्य काढतो. मग तो मध्य ड्रॉइंगमधल्या जागेशी ताडला जातो.

समजा टॉलरन्स ०.२० मि.मी. व्यासाचा आहे. म्हणजे भोकाचा मध्य खऱ्या जागेपासून ०.१० पर्यंत सरकलेला चालतो. रिपोर्टमध्ये सरकलेल्या अंतराची दुप्पट छापली जाते. तुमचा ड्रिलिंग जिग ०.१५ ने बाजूला बसला. कडेपासून मोजले तर चारही भोकांची चूक ०.३० येईल व नग नापास होईल. बेस्ट-फिटमध्ये संगणक पूर्ण नमुना ०.१५ ने सरकवतो. चूक शून्य येते व तोच नग पास होतो.

बेस्ट-फिटचेही दोन हिशेब

येथे आणखी एक खुबी आहे. समजा तीन भोके अचूक आहेत व चौथे ०.२० ने बाजूला गेले. टॉलरन्स ०.२५ चा आहे. फिरवणे बाजूला ठेवून फक्त सरकवण्याचा हिशेब पाहू.

पहिली पद्धत ‘लीस्ट स्क्वेअर्स’. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये छापून मांडली. ती चूक सरासरीने वाटते : नमुना ०.०५ सरकतो, तीन भोकांची पोझिशन ०.१० व चौथ्याची ०.३० येते. नग नापास.

दुसरी पद्धत ‘मिनी-मॅक्स’. ती सर्वांत मोठी चूक कमीत कमी करते : नमुना ०.१० सरकतो आणि चारही भोकांची पोझिशन ०.२० येते. नग पास. नमुन्याला सरकण्याची मोकळीक असेल, तर चारही भोके एकदम हद्दीत बसणारी एक जागा मिळणे पुरेसे असते. चार खुंट्यांचे गेज हलवून बसवताना आपला हातही हेच करतो.

कोठे चालते, कोठे नाही

बेस्ट-फिट ही सर्व ठिकाणी मिळणारी सूट नाही. मोटारीच्या फ्लँजमध्ये भोके मधल्या गोल रजिस्टरशी बांधलेली असतात, कारण शाफ्ट त्याच मध्यावर फिरतो. तेथे पूर्ण नमुना ०.१५ सरकला तर एक तर बोल्ट अडतो, नाहीतर शाफ्ट मध्य सोडतो. अशा नगाला बेस्ट-फिटने पास करणे म्हणजे मापात पाप.

फैसला ड्रॉइंग करते. टॉलरन्सच्या चौकटीत कड किंवा बोअर दाखवणारी डेटमची अक्षरे असतील, तर माप तेथूनच घ्यावे लागते. एकाच चिन्हापुढे दोन मजली चौकट असेल, तर वरचा मजला पूर्ण नमुन्याच्या जागेचा व खालचा भोकांच्या आपसातील अंतराचा. सरकवण्याची मोकळीक फक्त खालच्याला.

ऑर्डर घेण्यापूर्वी

पार्टीकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : माप कोणत्या डेटमपासून घेणार, बेस्ट-फिट लावणार काय, लावल्यास कोणत्या हिशेबाने. प्रोग्रॅममध्ये नमुना लहान-मोठा करण्याची, म्हणजे ‘स्केल’ची सोय बंद ठेवण्यास सांगावे, ती चालू असली तर अंतरातील खरी चूक झाकली जाते. तापमानही पाहावे. मापे २० अंश सेल्सिअसला धरतात. ३५ अंशांत ५०० मि.मी. लोखंड सुमारे ०.०९ ने वाढते, म्हणजे ०.२० च्या टॉलरन्सचा मोठा हिस्सा त्यातच जातो.

मापाची साधने तपासून घेण्यासाठी मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. लहान कारखानदारांनी तेथे चौकशी करावी. पहिला नग बनवून, दोघांच्या संमतीच्या पद्धतीने मोजून घ्यावा आणि मगच उरलेले नव्व्याण्णव हाती घ्यावेत. एका नगाच्या मोजणीचा खर्च शंभर नगांच्या लोखंडापुढे किरकोळ आहे.