समजून घ्या : चिमणी आरशाशी का भांडते? परसातल्या पक्ष्यांच्या वागण्यामागची कारणे

हिवाळ्यात उजनी जलाशयावर फ्लेमिंगो उतरले की ते पाहायला लांबून लोक येतात. जलाशयाच्या परिसरातल्या जेऊरसारख्या गावात मात्र पक्षी पाहायला परसापलीकडे जावे लागत नाही. चिमणी, बुलबुल, सातभाई रोज समोर असतात. त्यांचे काही वागणे विचित्र वाटते. पण त्यामागचे कारण माहीत नसेल, तर मदतीच्या नादात पक्ष्याचे नुकसानच होते.

दुचाकीच्या आरशावर चोच का मारतात?

विणीच्या काळात नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला येऊ देत नाही. आरशातले प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धीच वाटते. खरा प्रतिस्पर्धी हरला की उडून जातो, हा हटतच नाही. त्यामुळे भांडण कित्येक दिवस चालते आणि पक्षी दमतो. गाडी उभी केल्यावर आरशावर कापडी पिशवी चढवली की भांडण मिटते.

चिमण्या धुळीत का लोळतात?

चिमण्या धुळीत न्हाल्या की पाऊस येतो, असे जुनी माणसे सांगतात. प्रत्यक्षात ही त्यांची आंघोळ असते. धुळीने पिसांवरचे जादा तेल शोषले जाते, बारीक किडे झडतात. अंगणात सगळीकडे फरशी किंवा कोबा केला तर ही सोय जाते. एका कोपऱ्यात थोडी माती मोकळी ठेवा.

सातभाई कोणाचे पिल्लू भरवतात?

सातभाईंच्या थव्यात पिल्लांना आई-बापांबरोबर इतरही भरवतात. याचा फायदा पावशा घेतो. शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ सांगणारा हा पक्षी स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते. म्हणून सातभाई वेगळ्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवत असतील, तर ते चुकलेले समजून उचलू नका.

पिल्लू जमिनीवर दिसले तर?

पिसे आलेली असतील आणि ते उड्या मारत असेल, तर बहुतेकदा ते उडायला शिकत असते. आई-बाप जवळपासच असतात. ते घरात नेले की त्यांचे भरवणे थांबते. मांजर-कुत्र्याला लांब ठेवा आणि बाजूला व्हा. पिसे नसलेले पिल्लू शक्य असल्यास घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, हा गैरसमज आहे. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.