नवरीचं कापड आणि घरची मशीन
तंजावरच्या घरगुती शिवणकामाची गोष्ट

लग्न ठरलं की घरात याद्या सुरू होतात. कार्यालय, आचारी, गुरुजी, सोनार, साड्यांचं दुकान. या यादीत एक नाव हमखास शेवटी येतं आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्यात जास्त खेपा मात्र त्याच दारात होतात. ते दार असतं नवरीचे कपडे शिवणाऱ्या बाईचं. तिच्याकडे ना पाटी असते, ना काचेचं कपाट. पुढच्या खोलीत एक मशीन, भिंतीवर टेप, खुंटीवर लटकलेल्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीला टाचलेली मापाची चिठ्ठी. एवढ्या भांडवलावर ती कुणाच्या तरी आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस उभा करत असते.

तंजावर म्हटलं की आपल्याला बृहदीश्वराचं मंदिर आठवतं, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. मराठी माणसाला आणखीही बरंच आठवतं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६च्या सुमारास इथे भोसल्यांची गादी स्थापन केली, ती १८५५पर्यंत टिकली. त्या पावणेदोनशे वर्षांत आलेली मराठी कुटुंबं तिथलीच झाली. घरात जुन्या वळणाची मराठी, बाहेर अस्खलित तमिळ, असा त्यांचा संसार. पण या लेखाचा विषय राजे नाहीत. विषय आहे त्या गावातल्या लग्नघरांना लागणारी सुई.

नऊ वारांचं नातं

तंजावरच्या परिसरातलं लग्न आणि महाराष्ट्रातलं लग्न यांत एक धागा सारखा आहे, तो म्हणजे नऊवारी. आपल्याकडे काष्टा, तिकडे मडिसार. दोन्हींत सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचं, न शिवलेलं वस्त्र अंगाभोवती फिरवून मागे खोचतात. तमिळ ब्राह्मण लग्नात मंगळसूत्र बांधण्याच्या आधी नवरीला वराकडून एक खास साडी मिळते. तिला म्हणतात कूरै पुडवै. मयिलाडुतुरै गावातल्या कूरैनाडू या विणकर वस्तीवरून हे नाव पडलं. रेशीम आणि सूत मिसळून विणलेली, चौकड्यांची ही साडी या भागाची खूणच आहे. मयिलाडुतुरै १९९१पर्यंत तंजावर जिल्ह्यात होतं. मग ते नागपट्टिनम जिल्ह्यात गेलं आणि २०२०मध्ये त्याचाच वेगळा जिल्हा झाला. कुंभकोणमजवळचं तिरुभुवनम मात्र आजही तंजावर जिल्ह्यात आहे. तिथल्या रेशमी साडीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

गंमत अशी की, साडी न शिवलेली असली तरी ती नेसण्याची वेळ घड्याळावर असते. नवरी आधीच्या साडीत मांडवात येते. कूरै पुडवै हातात पडली की आत जाते, मडिसार नेसते आणि मुहूर्त टळायच्या आत वडिलांच्या मांडीवर येऊन बसते. पूर्वी घरात आजी, आत्या, मावशी अशा चार जणी नेसवायला असायच्या. आता नवरी बंगळूरला किंवा परदेशात नोकरी करते, आई सहावारीत वावरलेली असते आणि नऊवारी नेसवणारा हात सगळ्या नातेवाइकांत एखादाच उरतो. तो हात त्या दिवशी हजर नसला तर?

या प्रश्नातून घरगुती शिवणकामाला एक नवं काम मिळालं, ते म्हणजे शिवलेली मडिसार. आपल्याकडच्या शिवलेल्या नऊवारीची ही सख्खी बहीण. पायजम्यासारखी घालायची, नाडी किंवा हूक लावायचा, पदर खांद्यावर टाकायचा की पाच मिनिटांत नवरी तयार.

कात्री लावायची की नाही?

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी परीक्षा इथेच असते. शिवायला आलेली साडी रोजच्या वापरातली असेल, तर सरळ बेतून मोकळं होता येतं. पण कूरै पुडवै ही लग्नाची खूण. पुढच्या मंगलकार्यांत ती पुन्हा नेसायची असते, जमलं तर लेकीला दाखवायची असते. तिला कात्री लावायची कल्पना अनेक घरांना सहनच होत नाही.

म्हणून चांगली शिवणारी बाई आधी विचारते, ‘साडी कापायची का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ती दुसरा मार्ग घेते. कंबरेसाठी वेगळ्या सुती कापडाची पट्टी करते. साडीच्या निऱ्या आणि मागचा काष्टा मापात बसवून, हातशिलाईच्या लांब टाक्यांनी त्या पट्टीवर टाचते. पुढे साडी मोकळी करायची झाली, तर टाके उसवले की झालं. वेळ दुप्पट लागतो, पण साडी अखंड राहते.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. पदर कुठल्या खांद्यावर? अय्यर घरांत मडिसारचा पदर उजव्या खांद्यावरून येतो, तर अय्यंगार घरांत डाव्या. नेसायच्या साडीत चूक झाली तर पुन्हा नेसता येते. शिवलेल्या साडीत मात्र सगळाच घेर उलटा होतो. त्यामुळे मापाच्या चिठ्ठीवर कंबर, सीट आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची यांच्याबरोबर खांदाही लिहून ठेवावा लागतो. मापंही उभ्यानेच घेऊन भागत नाही. नवरीला वडिलांच्या मांडीवर बसायचं आहे आणि अग्नीभोवती चालायचंही आहे. बसून माप घेतलं नाही, तर ऐन मुहूर्ताला शिवण उसवण्याची भीती.

एकाच तुकड्याचं ब्लाउज

साडीपेक्षाही जास्त झोप उडवतं ते ब्लाउज. रेशमी साडीचा ब्लाउजपीस त्याच साडीला जोडून विणलेला असतो. तो एकच आणि तोही बेताचा. मुंढा चुकला किंवा गळा जास्त खोल गेला, तर तसाच दुसरा तुकडा बाजारात मिळत नाही. शिवाय रेशमाला आठवण फार. एकदा सुई गेली की टीप उसवल्यावरही छिद्रांची रांग दिसत राहते. म्हणून जाणत्या बायका आधी साध्या सुती कापडाचं कच्चं ब्लाउज शिवून नवरीच्या अंगावर बसवून पाहतात. तेच मग बेतण्याचा नमुना ठरतं. अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवलं जातं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वरचं रेशीम गोळा होतं. मशीनला बारीक सुई लावतात. जरीवर इस्त्री फिरवताना मध्ये सुती फडकं धरतात. यातली कुठलीही गोष्ट नवरीला दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की ब्लाउज अंगावर बसलं.

गेल्या काही वर्षांत यात आरीकामाची भर पडली. तमिळनाडूत आता नवरीच्या ब्लाउजच्या बाह्या आणि पाठ भरून आरीकाम हवंच असतं. आरी म्हणजे चांभाराचं टोचणीसारखं हत्यार, हे मराठी माणसाला सांगायला नको. कच्छच्या मोची कारागिरांनी त्याच धर्तीच्या आकडीदार सुईने कापडावर साखळीटाका घातला आणि त्यातून हे भरतकाम वाढलं. कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. दोरा खालून धरायचा, आकडी वरून टोचायची आणि दोरा वर ओढत जायचं. मणी, टिकल्या, खडे, जरीच्या नळ्या सगळं याच चालीने भरलं जातं.

पण शिवणाऱ्या बाईसाठी आरीकाम म्हणजे उलटा क्रम. नेहमी आधी बेतायचं, मग शिवायचं. इथे अखंड कापडावर ब्लाउजचा आकार आखायचा, त्या रेघेच्या आत भरतकाम करायचं आणि कात्री सगळ्यात शेवटी चालवायची. म्हणजे माप महिनाभर आधीच पक्कं हवं. दरम्यान नवरी लग्नाच्या धावपळीत दोन किलोंनी उतरली किंवा डाएटच्या नादात आणखी बारीक झाली, की भरलेल्या भागाला हात लावता येत नाही. यावर उपाय एकच. काखेखालच्या दोन्ही शिवणींत भरतकाम न करता एक-दीड इंच दाब सोडायचा. जे काही आत घ्यायचं किंवा सोडायचं, ते तिथेच. आईचं लग्नातलं ब्लाउज लेकीला बसवतानाही याच दाबाचा आधार असतो. तो संपला तर काखेत त्याच रंगाचा चौकोनी तुकडा घालावा लागतो.

पांढरा गाऊन, तांबडा सादो

तंजावरमध्ये ख्रिस्ती समाजही जुना आहे. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ १७९८मध्ये इथेच वारला. सरफोजीराजांचं त्याच्यावर इतकं प्रेम, की त्यांनी इंग्लंडचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याचं संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतलं. तमिळ ख्रिस्ती नवरी बहुधा पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या रेशमी साडीवर डोक्याला जाळीचा व्हेल घेते. काही जणी गाऊन घालतात. पांढऱ्या गाऊनची फॅशन जगभर पसरली, त्याचं बरंचसं श्रेय व्हिक्टोरिया राणीच्या १८४०मधल्या लग्नातल्या पांढऱ्या सॅटिनच्या पोशाखाला देतात.

गाऊन दुरुस्त करणं हे वेगळंच प्रकरण. त्याची लांबी नवरीला लग्नाच्याच चपला घालायला लावून मापायची असते, कारण टाचेच्या एका इंचाने घेर जमिनीवर लोळतो किंवा वर उचलला जातो. खाली अस्तर, मग कडक जाळी, मग मऊ जाळी, असे थर असतात आणि प्रत्येक थर वेगळा कापावा लागतो. कडेला लेस असेल तर ती हाताने उसवून, घेर कमी करून पुन्हा हातानेच लावायची. काम संपल्यावर हात लागलेला कळता कामा नये, हीच त्याची कसोटी.

या बाबतीत गोव्याच्या ख्रिस्ती घरांची एक रीत सांगण्यासारखी आहे. तिथे लग्नाआधी नवरीसाठी ‘सादो’, म्हणजे तांबडं वस्त्र बेतायचा समारंभच असतो. शिंप्याला घरी बोलावतात, तो सगळ्यांसमोर कात्री चालवतो, फटाके वाजतात आणि नातेवाईक त्याच्यासाठी कापडावर नाणी टाकतात. कपडा शिवणाऱ्याला लग्नाच्या विधीत मानाची जागा देणारी ही रीत. घरोघरी शिवणाऱ्या किती जणींच्या वाट्याला असा मान येतो?

पैशाचा हिशेब

मान राहू द्या, मजुरी तरी येते का? घरी शिवणाऱ्या बहुतेक जणींची अडचण हातातल्या कलेची नसते, तोंडावर पैसे मागण्याची असते. समजा, एका भरलेल्या ब्लाउजला तीस तास लागले. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी १,८०० रुपये झाली. मणी, जरी, अस्तर, हूक, दोरा, वीज मिळून ९०० रुपये. एकूण २,७००. शेजारची म्हणून २,०००वर सौदा मिटला, तर सामान वजा जाता हातात १,१०० रुपये, म्हणजे तासाला जेमतेम ३७. आणि ‘घरीच तर असता’ हे वाक्य फुकट.

उत्पन्नाला ऋतूही असतात. तमिळ पंचांगातल्या आडी (जुलै-ऑगस्ट) आणि मार्गळी (डिसेंबर-जानेवारी) या महिन्यांत लग्नं होत नाहीत. मशीन तेव्हा गप्प राहते आणि तै महिना लागताच रात्रीचा दिवस करावा लागतो. शहाण्या बायका रिकाम्या महिन्यांत मशीनचं तेलपाणी उरकतात, भरतकामाचे नमुने करून ठेवतात, शाळेच्या गणवेशांचं काम धरतात. तमिळनाडूत महिलांच्या शिवण सहकारी संस्थांना सरकारी शाळांच्या गणवेशांचं काम मिळतं.

मदतीचे इतर मार्गही माहीत हवेत. तमिळनाडूत शिवणकाम करणाऱ्यांसाठी वेगळं कल्याण मंडळ आहे. गरजू विधवा आणि परित्यक्तांना मोफत मशीन देण्याची सत्यवाणी मुत्तु अम्मैयार यांच्या नावाची योजना आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक व नंतर दोन लाखांपर्यंत कर्जाची तरतूद करण्यात आली. तमिळनाडू सरकारने मात्र २०२४मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला आणि २०२५मध्ये कारागिरांसाठी स्वतःची योजना आणली. छोट्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे आणि ती घरबसल्या होते.

लग्नघराने एवढं करावं

• कपडे शिवायला निदान दोन महिने आधी द्यावेत. भरतकाम असेल तर त्याहूनही आधी.
• माप घेताना लग्नात वापरायची अंतर्वस्त्रं आणि चपला घालाव्यात.
• कापलेलं चालेल की नाही, पदर कुठल्या खांद्यावर, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं.
• पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवर आणि शेवटची लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी घ्यावी.
• मजुरी आधी ठरवावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली कपडे नेतानाच द्यावी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मांडवाचे, जेवणाचे, फोटोंचे पैसे वेळेवर जातात, कारण ती माणसं अडून बसू शकतात. शिवणारी बाई अडून बसत नाही. नवरीची साडी तिच्या खुंटीवर असते आणि मुहूर्त टळू नये, ही काळजी नवरीच्या आईइतकीच तिलाही असते. तिच्या या भलेपणाची किंमत तिच्याच मजुरीतून कापली जाऊ नये, इतकं तरी लग्नघराला नक्कीच जमेल.