दहा मिनिटांची किंमत
1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय कर टाळण्यासाठी अनेक कंपन्या राज्योराज्यी गोदामे ठेवत. ते कारण संपल्यावर भिवंडी, फर्रुखनगर, होसकोटे अशा ठिकाणी विस्तीर्ण वितरण केंद्रे वाढली. तेथे सरकते पट्टे आणि वर्गीकरणाची यंत्रे परवडू लागली. आता दहा मिनिटांत वाणसामान घरपोच मागवण्याची सवय साठा पुन्हा वस्त्यांमधील छोट्या गोदामांकडे खेचते आहे. तेथे मोठ्या यंत्रांना जागा नाही. वेग प्रामुख्याने माणसांच्या हातापायांतूनच काढला जातो. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली. त्याच्याकडून किती वेगाची अपेक्षा धरावी, हे मात्र ठरवले नाही. कामगार धोरणाने आता तो प्रश्न हाती घ्यायला हवा.