आकृती बदलली की उत्तर बदलते

हैदराबाद मेट्रोचे आकडे घ्या. नोव्हेंबर 2017 मध्ये सुमारे 30 किलोमीटर, 2018 मध्ये 46, फेब्रुवारी 2020 मध्ये 69. जाळे कसे वाढले हे दाखवायला रेषालेख हवा. तीन मार्गिकांची लांबी (लाल आणि निळी प्रत्येकी सुमारे 29, हिरवी 11) ताडून पाहायची, तर स्तंभालेख. 1984 मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले, की एकाच पट्टीवरची उंची डोळा अचूक वाचतो, कोन मात्र चुकतो. वर्तुळालेखाचे भाग म्हणूनच दोन-तीन असावेत, दहा नव्हेत.

एक्सेलमध्ये आकडे निवडून ‘इन्सर्ट’मधून आलेख घालता येतो, पुढे ‘चेंज चार्ट टाइप’ने प्रकार बदलतो, आकडे तेच राहतात. पॉवर बीआय या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर चित्र निवडून दुसऱ्या चिन्हावर क्लिक केले की झाले. ही सोय मोलाची आहे, कारण योग्य प्रकार बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सापडतो.

हैदराबादच्या ग्रॅमेनर या आकडेवारीचे विश्लेषण करणाऱ्या कंपनीचे एक काम अभ्यासावे असे. तमिळनाडूतील दहावीचे गुण त्यांनी वारंवारता आलेखात मांडले. उत्तीर्णतेच्या 35 गुणांपाशी एकदम सुळका! सरासरी काढली असती, तर तो कुणाला दिसलाच नसता.

स्तंभ आणि रेषा हे प्रकार विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये छापले, वर्तुळालेख 1801 मध्ये. आजच्या सॉफ्टवेअरच्या यादीत पहिल्या जागा अजून त्यांच्याच आहेत.