उसाच्या पट्ट्यातील शाळांचा पट

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बहुतेक गावांच्या प्राथमिक शाळा पुणे जिल्हा परिषदेच्या आहेत. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी, आणि आसपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र, अशी रचना आहे. 2011 च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या सुमारे 4 लाख 30 हजार आणि इंदापूरची सुमारे 3 लाख 83 हजार होती. मात्र कोणत्या शाळेत किती मुले बसतात, हे मुख्यतः पाणी ठरवते.

नीरा डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला आणि उसापाठोपाठ सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचे छत्रपती असे सहकारी कारखाने उभे राहिले. बागायतदार रानात वस्ती करून राहतो, त्यामुळे शाळाही वाड्यावस्त्यांवर विखुरल्या. ऐपत आली तशी अनेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसू लागली आणि वस्तीवरच्या शाळेचा पट उतरला. सुपे, मोरगावकडचा भाग जिरायत आहे. तिथली तरुण कुटुंबे कामासाठी बारामतीच्या एमआयडीसीकडे वळतात. दोन्ही तालुक्यांत मेंढपाळ धनगर कुटुंबेही आहेत आणि पावसाळा सरला की त्यांतील काही चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात.

शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून गरीब वस्तीची शाळाही गरीब राहण्याचा धोका असतो. इथे गाव गरीब असले म्हणून गुरुजींचा पगार कमी होत नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे. गावाच्या ऐपतीचा फरक दिसतो तो लोकवर्गणीत: रंगकाम, संगणक, कुंपण. उसाचे बिल खात्यावर आलेल्या गावात ही वर्गणी लवकर जमते.

शिक्षकांची संख्या मात्र पटावर ठरते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक. संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदे मंजूर करताना, साधारणपणे 30 सप्टेंबरचा पट धरला जातो, आणि खरी अडचण इथेच आहे. गाळप हंगाम त्यानंतर सुरू होतो. ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली बीड, अहिल्यानगरकडची जोडपी, म्हणजेच कोयते, मुलाबाळांसह येऊन कारखान्याजवळ किंवा गावाकडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, घालतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. पाठीमागे आठ-दहा वर्षांची थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. तिचे नाव मूळ गावच्या हजेरीपटावर असते आणि ती इथे असते. मेंढपाळाच्या मुलाचे उलटे: मोजणीत तो असतो, नंतर वर्गात नसतो.

उपाय झाले आहेत. मूळ गावी हंगामी वसतिगृहे निघाली, कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी साखरशाळा चालल्या. आता भर आहे तो कोप्यांवरील मुलांना जवळच्या नियमित शाळेत, वयानुरूप वर्गात बसवण्यावर. कायद्याने तो त्यांचा हक्कच आहे. पण ही मुले येईपर्यंत त्या वर्षाची मोजणी उरकलेली असते, आणि वाढलेला वर्ग आहे त्याच शिक्षकांना सांभाळावा लागतो.