रणांगणावरून आलेलें पत्र

छत्रपती संभाजीनगरची छावणी हें पूर्वीं हैद्राबाद कंटिंजंट फौजेचें एक ठाणें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि तिच्याच परंपरेंतील २० डेक्कन हॉर्स हा रिसाला १९१४ सालीं फ्रान्समध्यें उतरला. १४ जुलै १९१६ रोजीं सॉमच्या रणभूमीवर हाय वुड नांवाच्या रानाजवळ हे स्वार भाले सरसावून शत्रूवर चालून गेले. त्यांचा पराक्रम इतिहासांत नमूद आहे. परंतु अशा शिपायाचें पत्र किती हातांतून घरीं येई, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें.

मेघदूतांतील यक्षाला दूत एकच होता. मनांतलें गुज त्यानें निःशंकपणें सांगितलें. आमच्या शिपायास तें भाग्य कोठलें? पुष्कळांस अक्षरओळख नसे; मजकूर सोबत्याकडून लिहवून घ्यावयाचा. तो पलटणींत तपासला जाई, पुढें बूलोन येथील हिंदी टपालाच्या तपासनीसांकडे जाई, आणि शेवटीं घरीं कोणी साक्षर तो सर्वांदेखत मोठ्यानें वाची. इतक्यांच्या समक्ष नवऱ्यानें बायकोस काय सांगावें? तरीही शिपायांनीं युक्ति काढली. हिंदी सैनिक म्हणजे ‘काळी मिरी’ आणि गोरे म्हणजे ‘लाल मिरची’. काळी मिरी संपत आली असें लिहिलें, कीं जाणत्यानें काय तें ओळखावें. तपासनीसांनीं हेंही ताडलें होतें.

दैवगति अशी, कीं ज्यांनीं पत्रें फोडलीं त्यांच्याच दप्तरामुळें त्यांतील उतारे टिकले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पण इंग्रजी भाषांतरांत. शिपायाचे मूळ शब्द, अडवून न ठेवलेल्या पत्रांबरोबर, घरोघर गेले.

महाराष्ट्रांतल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, लढल्या. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या पलटणी १९१५-१६ मध्यें कुतच्या वेढ्यांत सांपडल्या. त्या काळीं मराठी पत्रें बहुधा मोडींत लिहीत. गांवांत तीं वाचून दाखविणारे पुष्कळदां कुळकर्णी अगर शाळामास्तर, म्हणजे आपल्यांपैकींच कोणाचे तरी आजे-पणजे. आज त्यांच्याच पणतवंडांस मोडी लागत नाहीं, आणि ट्रंकेच्या तळाशीं निघालेला कागद जुना हिशेब समजून रद्दींत जातो.

मोडीचे वर्ग अजून भरतात. प्रत्येक घरांतून एकानें तरी ती लिपी शिकावी, आणि असा कागद टाकण्यापूर्वीं एकदां वाचून पाहावा. ज्या पत्राला तेव्हां एकांत लाभला नाहीं, त्याला आतां निदान वाचक तरी लाभावा.